पन्नास वेळा तपासलेला व्हॉल्व्ह

१

बेरीज पन्नास आली आणि जयदेव भोईर दोषी ठरला. निदान मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यात त्या रविवारी सकाळी तिघांच्या चौकशी समितीपुढे जो कागद ठेवला गेला, त्याचा अर्थ तेवढाच होता.

गोष्ट १९९१ च्या मार्चमधली. आठ दिवसांपूर्वी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहिल्या पाळीत तीन नंबरचा रिॲक्टर, म्हणजे रंग शिजवायची बंद टाकी, फुटला होता. आत दाब वाढला की वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हने आपोआप उघडून वाफ बाहेर सोडायची, असा नियम. त्या दिवशी व्हॉल्व्ह उघडलाच नाही. झाकण उडालं, व्हॉल्व्हचे तुकडे झाले आणि समोर उभ्या असलेल्या जयदेवच्या तोंडावर उकळता रंग आला. डोळे राहतील की जातील, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

लोक मात्र सगळं सांगत होते. धुळवड नेमकी शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीलाच आली, त्यामुळे एक सुट्टी बुडाली म्हणून कामगार आधीच चरफडत होते. त्या रागात जयदेवनं जरा जास्तच घेतली आणि सकाळपर्यंत उतरली नाही, असं एक जण म्हणे. दुसरा म्हणे, माल लवकर उतरावा म्हणून त्यानं व्हॉल्व्ह तारेनं बांधून ठेवला होता. तसं ठरलं तर नोकरी गेली, भरपाई गेली, वर पोलीस केस. सोमवारी सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता आणि त्याच्या हातात समितीचा अहवाल द्यायचा होता.

समितीत कारखान्याचे मॅनेजर दिनानाथ टिपणीस होते. मुंबईच्या फोर्टमधल्या हेड ऑफिसातून खरेदी आणि सुरक्षा सांभाळणारे इंजिनिअर शरदचंद्र वैद्य होते. आणि एक तरी बाहेरचा माणूस हवा, असा कामगारांनी हट्ट धरला म्हणून बदलापूरहून चिंतामणी कर्णिकांना बोलावलं होतं. चिंतामणी सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. घरी पत्नी माईंनी आणलेल्या वाणसामानाची यादीही ते दोनदा तपासत, आणि माईंनी त्याबद्दल त्यांना बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

सकाळी गेटवर जयदेवची बायको सखू उभी होती. तिनं चिंतामणींची वाट अडवली.

"साहेब, त्यानं बांधला नाय. तो तसा मानूस नाय," ती म्हणाली. रडली नाही. एवढंच सांगायला ती दवाखान्यातून चालत आली होती.

आणि आत गेल्यावर वैद्यांनी कॉम्प्युटरचा कागद वाचून दाखवला. जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून तीन नंबरच्या व्हॉल्व्हची तपासणी पन्नास वेळा. कामाचे दिवसही पन्नासच. "एकही दिवस चुकलेला नाही," वैद्य म्हणाले. "रोज तपासलेला व्हॉल्व्ह अचानक अडकत नाही. तो कुणीतरी बांधलेला असतो."

टिपणिसांनी मान हलवली. चिंतामणींनी हलवली नाही. चाळीस वर्षं त्यांनी माणसांनी भरलेले तक्ते पाहिले होते. कुणाला ताप येतो, कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणी नुसताच विसरतो. दोन महिन्यांत एकही दिवस न चुकणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

२

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी होता आणि सबंध कारखान्यात धूळ नसलेली ती एकच जागा होती. मशीनसमोर मालिनी फणसे बसली होती. शहाडहून येणारी, तिशीतली, बोलायला चटपटीत. आज मात्र तिचे हात मांडीत होते.

"हे कसं भरता, ते मला सांगा," चिंतामणी म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही असं समजून सांगा."

ते खरंच होतं, त्यामुळे तिला सोपं गेलं. "सर, हे डी-बेस, नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम. मेंटेनन्सची एक फाइल आहे. शेडमधलं रजिस्टर दर आठवड्याला माझ्याकडे येतं. पंप, बॉयलर, व्हॉल्व्ह, जे जे तपासलं त्याची एकेक ओळ मी भरते. तारीख, मशीन, तपासणाऱ्याचं नाव, दाब किती. मग साहेबांना जसं हवं तसं मशीन मोजून देतं."

"म्हणजे तीन नंबरचा व्हॉल्व्हही दर आठवड्याला भरलात."

मालिनीनं मान हलवून नाही म्हटलं.

"भरला नव्हता," ती म्हणाली. "दोन महिने रजिस्टरात त्या व्हॉल्व्हचा रकाना कोराच यायचा. मला वाटलं, त्याचं वेगळं ठेवत असतील. मग ॲक्सिडेंट झाला, रजिस्टर शेडमध्येच जळून गेलं. दुसऱ्या दिवशी रविवारी नऊला आले, तर माझ्या ट्रेमध्ये तीन कागद होते. हातानं लिहिलेले, सगळी मोठी अक्षरं. वर लिहिलं होतं, अर्जंट, आजच एंट्री करा. मी केली."

"पन्नासच्या पन्नास? एका बैठकीत?"

"हो सर. ऑपरेटर आहे मी. समोर येईल ते भरते." हे ती जरा रागानंच म्हणाली. "मला काय ठाऊक त्याचं असं होणार म्हणून."

"कागद कुठे आहेत?"

"तेच तर. जेवून परत आले तेव्हा ट्रे रिकामा होता. मला वाटलं, टिपणीस साहेबांनी नेले."

चिंतामणी चपला घालून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. टिपणिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चौदा वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस, पण त्या क्षणी खुर्ची त्यांना टोचत होती.

"कागद? मी कुठलेच कागद पाहिले नाहीत," ते म्हणाले. "मला वाटलं, हरिचंद्रनं आपल्या वहीतून उतरवून दिलं असेल. प्रत्येक ओळीत नाव त्याचंच आहे."

३

हरिचंद्र फिटर होता. मोरिवली गावातलाच, जयदेवच्या घरापासून चार घरं सोडून. या औद्योगिक वसाहतीखाली गेलेल्या भाताच्या शेतांत त्याच्या बापाचं एक होतं आणि त्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. तो समितीपुढे उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

"तीन नंबरचा व्हॉल्व्ह तुम्ही तपासत होतात?" चिंतामणींनी विचारलं.

"हां सायेब."

"रोज?"

"रोज." उत्तर जरा घाईनं आलं. बोलताना त्याची नजर चिंतामणींकडे नव्हती. ती आधी वैद्यांकडे गेली आणि मग जमिनीवर.

"ते तीन कागद तुम्ही लिहून दिलेत?"

हरिचंद्रनं ओठ चाटले. "मी... नाय. म्हंजे, आठवत नाय सायेब."

"अहो, गेल्या रविवारची गोष्ट."

"कर्णिक, त्याला कशाला छळता?" वैद्य मध्ये पडले. "तपासलं म्हणतोय ना तो. इकडे आपला रविवार चाललाय. गेला रविवार इथे, हा रविवार इथे. दादरला घरी मटण शिजतंय आणि मी इथे तुमच्या कॅन्टीनची उसळ खातोय. सही करा आणि सुटा."

हरिचंद्र बाहेर गेला. जाताना दाराला धडकला.

चिंतामणींनी मनाशी उजळणी केली. गेल्या रविवारी सकाळी नऊपर्यंत त्या खोलीत कोण जाऊ शकत होतं? किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि पहारेकऱ्याच्या वहीत चार नावं होती. मालिनी, हरिचंद्र, टिपणीस, वैद्य. हरिचंद्रला भीती होती की व्हॉल्व्ह तपासला नाही म्हणून आपल्यावर येईल. टिपणिसांना भीती होती की कारखाना आपल्या हाताखाली फुटला. मालिनीनं तर ओळी स्वतः भरल्या होत्या आणि तिचे तीन कागद तिच्याशिवाय कुणीच पाहिले नव्हते. आणि वैद्यांना सहीची फार घाई होती. संशय घ्यायचा म्हटलं तर चौघेही लायक होते, आणि चिंतामणी संशय घेण्यात कधीच कंजुषी करत नसत.

पण संशयावर अहवाल लिहिता येत नाही. दाखवायला काहीतरी हवं, आणि कागद तर गेले होते. उरली होती ती फक्त मालिनीची फाइल. ते पुन्हा चपला काढून आत गेले.

४

"सरासरी काढा," ते म्हणाले.

मालिनीनं काढली. व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब सरासरी सात किलो. सर्वांत कमी सहा पूर्णांक आठ, सर्वांत जास्त सात पूर्णांक दोन. आकडे कुठे थोडे वर, कुठे थोडे खाली, खऱ्या तपासणीत असतात तसेच. ज्यानं लिहिले, त्याला व्हॉल्व्ह कसा वागतो हे ठाऊक होतं. पण ते चौघांतल्या तिघांना ठाऊक होतं.

"महिन्याप्रमाणे?"

जानेवारी सव्वीस, फेब्रुवारी चोवीस. सव्वीस जानेवारीची सुट्टी सोडलेली. चोख.

टिपणीस आणि वैद्य दारात येऊन उभे राहिले होते. "अजून किती वेळ?" वैद्यांनी घड्याळ पाहिलं. "बेरीज बरोबर आहे, सरासरी बरोबर आहे. अजून काय हवं तुम्हाला?"

"पोटबेरीज," चिंतामणी म्हणाले. "एकूण बेरजेत माणूस लपतो हो. गट पाडले की तो दिसायला लागतो. मालिनीबाई, या यंत्राला तारखेवरून वार कळतो?"

"कळतो सर."

"मग वाराप्रमाणे गट पाडा. प्रत्येक वारी किती तपासण्या झाल्या, ते छापून द्या."

मालिनीनं वारावर इंडेक्स केला, म्हणजे ओळी वारानुसार लावल्या, रिपोर्टात गटाच्या जागी वार टाकला आणि प्रिंटर सुरू केला. सुई खरखरत पुढे-मागे जाऊ लागली. यंत्राला सोमवार आधी की मंगळवार आधी याच्याशी कर्तव्य नव्हतं. इंग्रजी मुळाक्षरांत जो वार पहिला, तो त्यानं पहिला छापला.

मालिनीनं कागद फाडून हातात घेतला आणि तिथेच थबकली.

"सर," ती हळूच म्हणाली, "पहिला गट फ्रायडे आलाय."

५

टिपणिसांनी कागद तिच्या हातातून घेतला. शुक्रवार आठ, सोमवार आठ, शनिवार सात, गुरुवार नऊ, मंगळवार नऊ, बुधवार नऊ. एकूण पन्नास. रविवार असा गटच नव्हता.

"हे कसं शक्य आहे?" टिपणीस म्हणाले. "शुक्रवारी इथे वीजच नसते. सबंध वसाहत बंद असते. आणि रविवारी तर आपण चालू असतो. आत्ता चालू आहोत."

"बाकीच्या मशीनचंही काढा," चिंतामणी मालिनीला म्हणाले. "पंप घ्या. त्याच दोन महिन्यांचे."

प्रिंटर पुन्हा खरखरला. पंपांच्या तपासणीत शुक्रवार नव्हता आणि रविवारी आठ नोंदी होत्या. म्हणजे यंत्राचा वार चुकत नव्हता.

"गंमत बघा," चिंतामणी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "जानेवारी-फेब्रुवारीत शुक्रवारही आठ आणि रविवारही आठ. शुक्रवार गाळा नाहीतर रविवार गाळा, बेरीज पन्नासच येते. म्हणून कुणाला काही खटकलं नाही. पन्नास ही बरोबर बेरीज आहे. फक्त ती दुसऱ्याच कुठल्या तरी ऑफिसची आहे."

"मला काही कळत नाहीये तुम्ही काय म्हणताय," वैद्य म्हणाले.

"सांगतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं कॅलेंडर समोर घेतलं आणि सुट्टीचे वार सोडून एकेक तारीख उतरवली. हरिचंद्रनं लिहिलं असतं तर त्यानं कुठला वार सोडला असता? शुक्रवारी तो शेताच्या बांधावर असतो. मालिनीबाई शुक्रवारी कुठे असता?"

"घरी. नाहीतर कॅम्प दोनला, बाजारात," मालिनी म्हणाली.

"टिपणीस साहेब चौदा वर्षं शुक्रवारी घरी आहेत. या तिघांच्या हाडांत शुक्रवार मुरलाय. झोपेत लिहिलं असतं तरी त्यांनी शुक्रवार गाळला असता. त्या सकाळी आत आलेल्या चौघांत रविवारी सुट्टी घेणारा एकच माणूस आहे. वैद्य साहेब, इथली सुट्टी शुक्रवारी असते हे तुमच्या डोक्याला ठाऊक असेलच. हाताला ठाऊक नव्हतं. हातानं कॅलेंडरवरचे रविवारचे लाल आकडे सोडले."

"मला अडकवायला यांच्यातल्याच कुणीतरी मुद्दाम शुक्रवार घातले असतील," वैद्य म्हणाले. चेहरा मात्र उतरला होता.

"तर मग ते शुक्रवार त्यानंच पुढे आणून दाखवले असते. आठ दिवस झाले, कुणी चकार शब्द काढला नाही. मला ते प्रिंटरमधून खणून काढावे लागले. आता एकच कळत नाही. तुम्ही हे का केलंत?"

उत्तर मागून आलं. हरिचंद्र दारात उभा होता, बुटांसकट, आणि त्या दिवशी त्याला बूट काढ असं कुणी म्हटलं नाही.

"स्प्रिंग," तो म्हणाला. "व्हॉल्व्हची स्प्रिंग डिसेंबरमदी गेली व्हती. मी तीन चिठ्या लिवल्या. सायबांनी तिन्ही मुंबईला धाडल्या. स्प्रिंग आली नाय. या वैद्य सायबांनी फोनवर सांगितलं, नवीन येईतो हात लावू नको, चालवत रहा."

टिपणिसांनी डोळे मिटले. चिठ्ठ्या त्यांच्याच सहीनं गेल्या होत्या. त्या वैद्यांच्या टेबलावर पडून राहिल्या आणि इकडे पाठपुरावा करायचा ते विसरले.

"आणि आज सकाळी खोटं का बोललात?" चिंतामणींनी विचारलं.

"हेच सायेब बोलले, तपासला म्हन, नोकरी राहील. नाय तपासला म्हनशील तर तुझ्यावरच येल." हरिचंद्रनं वैद्यांकडे बोट दाखवलं. "माझी तीन पोरं हायत."

वैद्य बाहेर गेले आणि टिपणिसांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांना अडवायची गरज नव्हती. परत जायची गाडी टिपणिसांची होती.

मालिनीचा हात की-बोर्डवर गेला. "या पन्नास ओळी काढून टाकू?" तिनं विचारलं.

"काढू नका. पुरावा आहे तो. नुसती खूण करता येते का?"

"येते सर. खूण केली की मशीन त्या ओळी मोजत नाही, पण त्या राहतात."

तिनं खूण केली. मग चिंतामणींनी सांगितल्यावर तीन नंबरच्या व्हॉल्व्हच्या तपासण्या पुन्हा मोजायला लावल्या. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं. शून्य.

चिंतामणींनी तो आकडा अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि सही केली. खाली टिपणिसांनीही सही केली, जरा वेळ लावून, कारण ती सही त्यांच्याही विरुद्ध जाणार होती. मग कागद हरिचंद्रपुढे आला. शून्यावर सही म्हणजे आपण दोन महिने हात लावला नाही याची कबुली, आणि नोकरीचं काय होईल हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यानं पेन घट्ट धरलं, पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

६

"सायेब, तुमी येता का संगं?" गेटवर त्यानं विचारलं. "येकट्यानं जायला पाय उचलत नायत."

कॅम्प दोनमधल्या दवाखान्यात दोघे पोचले तेव्हा दुपार कलली होती. जयदेवच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, अर्धा चेहरा मलमानं माखलेला. सखू उशाशी बसली होती. चिंतामणींनी तिला अहवाल काय म्हणतो ते सांगितलं. व्हॉल्व्ह जयदेवनं बांधला नव्हता, आणि हे आता तीन सह्यांनिशी कागदावर आहे. तिनं पदर तोंडाला लावला आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला आलं.

"ऐकलंस का?" ती जयदेवला म्हणाली. "लिवून दिलंय त्यांनी."

"मी बांधला नाय ते मना ठावच व्हतं," जयदेव म्हणाला. ओठ भाजलेले, शब्द सुटा सुटा येत होता. "कोन हाय संगं?"

"मी," हरिचंद्र म्हणाला.

"हरी." जयदेवनं मान आवाजाच्या बाजूला वळवली. "तो उघरनार नाय, हे तुना कवापासून ठाव व्हतं?"

"डिसेंबरपासून."

चिंतामणींना तिथून निघून जावंसं वाटलं. आयुष्यभर त्यांनी आकड्यांवर अविश्वास दाखवला, त्यात त्यांना कधी लाज वाटली नव्हती. इथे मात्र त्यांना सगळं खरं कळत होतं आणि ते ऐकवत नव्हतं. पण हरिचंद्रनं त्यांची बाही धरली होती.

"डिसेंबरपासून तू त्याच्यासमोर मना उभा राहताना बघत व्हतास," जयदेव म्हणाला. त्यात राग नव्हता. तो नुसतं समजून घेत होता. "रोज?"

हरिचंद्रनं मान खाली घातली. पण ती जयदेवला दिसणार नव्हती, म्हणून त्याला ते तोंडानं म्हणावं लागलं.

"रोज," तो म्हणाला.